न चाललेला खटला

रसिक : ज्या कलाकृतीवर तिच्याच कुळातील माणसे सर्वांत अधिक त्वेषाने तुटून पडतात, तिच्यात काहीतरी जिवंत असले पाहिजे, अशी माझी फार दिवसांची समजूत आहे, आणि म्हणूनच २०१३ च्या ऑगस्टात लास वेगासच्या मेळाव्यात जमलेल्या 'स्टार ट्रेक'च्या निष्ठावंतांनी त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या बोलपटाला सर्व भावंडांत शेवटच्या पायरीवर बसवले, ही वार्ता मला त्याच्या विरुद्धचा पुरावा न वाटता, तो पुन्हा एकदा स्वस्थपणे पाहण्याचे निमंत्रणच वाटली. १९६६ साली जीन रॉडनबेरी यांनी सुरू केलेल्या मूळ मालिकेचे ७९ भाग, तिच्या पोटी जन्मलेल्या इतर मालिका आणि दहा बोलपट एवढ्या मिळकतीचा बोजा डोक्यावर घेऊन कोणत्याही नव्या लेखकाला एक पाऊलही मोकळेपणाने टाकणे अशक्य झाले होते, तेव्हा जे. जे. एब्रम्स यांनी २००९ साली असा तोडगा काढला की नीरो नावाचा, सूडाने पेटलेला एक रोम्युलन भविष्यातून भूतकाळात येतो, कथानायक कर्कच्या जन्माच्या घटकेलाच त्याच्या पित्याचा बळी घेतो, आणि तेथून इतिहासाला एक निराळाच फाटा फुटतो. जुना इतिहास रद्द झाला नाही, तो आपल्या शाखेत अबाधित राहिला. नव्या मंडळींना मात्र पाटी कोरी मिळाली. परंतु त्या पहिल्या बोलपटात एक उणीव होती आणि ती लहान नव्हती. हुशार, आगाऊ आणि शिस्तीला न जुमानणारा एक विद्यार्थी अखेरच्या अंकात थेट कप्तानाच्या खुर्चीवर जाऊन बसतो, आणि या बढतीचा जाब कोणीही विचारीत नाही. उत्तरभागाने तो विचारला. निबिरू ग्रहावरचा ज्वालामुखी शमविताना अडकलेल्या आपल्या सहकारी मित्राचा, स्पॉकचा, जीव वाचविण्यासाठी कर्क तेथील रहिवाशांच्या डोळ्यांदेखत आपले यान समुद्रातून वर काढतो, परक्या संस्कृतीच्या वाटचालीत हस्तक्षेप न करण्याचा सर्वोच्च नियम मोडतो, आणि वर दफ्तरी खोटा अहवाल दाखल करतो. तेव्हा ॲडमिरल पाइक त्याला जे खडे बोल सुनावतो, ते पहिल्या बोलपटाच्या कर्त्यांनाही उद्देशून आहेत असे मला वाटते. कर्कची कप्तानी जाते. स्वतःच्याच पूर्वीच्या यशाची अशी झाडाझडती घेणारा उत्तरभाग विरळा.

चिकित्सक : पाइकच्या प्रसंगाविषयी माझा तुमच्याशी तंटा नाही, उलट तुमच्या यादीत मीच एक भर घालतो. लंडनमधील स्फोटाची पूर्वपीठिका पाहा. असाध्य आजाराने निजलेली एक मुलगी, तिच्या उशाशी बसलेले हताश आईबाप, तिला वाचविण्याची शाश्वती देणारा एक अनोळखी माणूस, आणि मग बापाने पेल्यातील पाण्यात टाकलेली एक अंगठी; मायकेल जियाकिनो यांच्या पियानोखेरीज तेथे जवळजवळ काही बोलतच नाही. सज्जन माणूस कोणत्या किमतीला विकला जातो, हे इतक्या काटकसरीने सांगणारी मिनिटे या साऱ्या मालिकेत थोडीच सापडतील. पण त्या अनोळखी माणसाचेच घोडे पुढे अडते. त्याचे नाव जॉन हॅरिसन असे सांगण्यात आले. तो वास्तविक जुन्या मालिकेतला खान आहे ही गोष्ट निर्मात्यांनी प्रदर्शनापूर्वी महिनोन्महिने नाकारली वा टाळली, आणि ती लपवाछपवी केली नसती तर बरे झाले असते, असे पुढे खुद्द एब्रम्स यांनीच म्हटले. मला ही केवळ जाहिरातीची चूक वाटत नाही. बोलपटाच्या मध्यावर काचेच्या कोठडीत उभा राहून बेनेडिक्ट कंबरबॅच आपले खरे नाव खान असल्याचे जाहीर करतो. ज्यांच्यापुढे ते जाहीर होते त्या कर्कच्या आणि स्पॉकच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, आणि उमटावे तरी का? त्यांच्या शाखेत त्या नावाचा त्यांना काहीच अनुभव नाही. ते नाव उच्चारले गेले ते काचेपलीकडच्या कप्तानासाठी नव्हे, तर १९६७ चा 'स्पेस सीड' हा भाग आणि १९८२ चा 'द रॅथ ऑफ खान' हा बोलपट पाहून अंधारात येऊन बसलेल्या प्रेक्षकासाठी. म्हणजे हुंडी निघाली ती दुसऱ्याच्या पेढीवर. आणि ती वटावी म्हणून त्या पेढीच्या वयोवृद्ध मुनिमालाच, जुन्या शाखेतून आलेल्या लेनर्ड निमॉय यांच्या थोरल्या स्पॉकला, पडद्यावर पाचारण करावे लागले. धाकटा स्पॉक त्याला विचारतो, हा खान कोण? आणि थोरला सांगतो की त्याच्या हयातीत भेटलेल्या शत्रूंत इतका घातकी दुसरा नव्हता. ज्या गतेतिहासाचे ओझे झुगारले म्हणून तुम्ही या मंडळींचे कौतुक करता, त्याच इतिहासापुढे त्यांनी पहिल्याच अडचणीत हात पसरला.

रसिक : हात पसरला असे का म्हणता? वारसाने वाडवडिलांची वस्तू वापरली, असे म्हणा. आपल्या रंगभूमीवरचेच उदाहरण घेऊ. १९०७ साली आलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तली कथा विराटपर्वाची. तीत नवे काय होते? आणि तरीही थिएटरात बसलेल्या मंडळींना कीचकाच्या वेषात लॉर्ड कर्झन दिसला, तो सरकारलाही दिसला, आणि म्हणूनच पुढे त्या नाटकावर बंदीचा हुकूम निघाला. जुन्या नावाचा उपयोग असा असतो की आजची जी गोष्ट उघड बोलण्याची सोय नाही, वा बोलली तरी ऐकून घेण्याची कोणाची तयारी नाही, ती त्या नावाच्या आडून बोलता येते. ज्या वर्षी हा बोलपट आला, त्या सुमारास अमेरिकेचे सरकार पाकिस्तानच्या आणि येमेनच्या मुलखात, कोणताही खटला न चालविता, चालकविरहित विमानांतून क्षेपणास्त्रे सोडून संशयितांचा निकाल लावीत होते. आता बोलपटातील तजवीज पाहा. हॅरिसन पाइकचा खून करून क्लिंगॉन लोकांच्या क्रोनोस ग्रहावर पळून जातो. ॲडमिरल मार्कस कर्कला बहात्तर टॉर्पेडो देतो आणि फर्मावतो की सरहद्दीवरूनच ते सोडून त्या माणसाला नाहीसा करावा. स्पॉक विचारतो, आरोपीला न्यायासनापुढे उभे न करता मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ज्या अस्त्रांच्या पोटात काय आहे ते सांगितले जात नाही, त्यांच्या पावतीवर सही करण्यास यंत्रप्रमुख स्कॉटी नकार देतो आणि नोकरी सोडून चालता होतो. आणि ज्याच्या पितृतुल्य माणसाचे रक्त अजून वाळलेले नाही, तो कर्क वाटेतच आपला बेत फिरवून सर्वांना कळवितो की आपण त्या माणसाला ठार करणार नाही, जिवंत पकडून आणणार आहोत. बोलपटाच्या अखेरीस तो ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांत लढलेल्या सैनिकांना अर्पण केल्याची नोंद आहे. सैनिकाचा मान राखून त्याच्या हाती दिलेल्या हुकमावर प्रश्नचिन्ह लावणे, हे सुमारे एकोणीस कोटी डॉलर खर्चाच्या करमणुकीकडून मी तरी अपेक्षिले नव्हते.

चिकित्सक : तुम्ही 'कीचकवधा'चा दाखला काढला हे फार चांगले केले, कारण तो माझ्या बाजूने साक्ष देतो. खाडिलकरांनी कीचकाचे नाव तिसऱ्या अंकापर्यंत झाकून ठेवले होते काय? प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून सर्व ठाऊक होते, आणि ते ठाऊक असणे हेच त्या नाटकाचे बळ होते. भीम केव्हा उठतो याची वाट पाहण्यात तो अख्खा वेळ जळत राहत होता. येथे उलट झाले. ज्यांना नाव ठाऊक होते त्यांच्यापासून ते लपविले, आणि ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना ते उघड झाल्यावरही काही बोध झाला नाही. शिवाय, आपण हिंदी माणसे असल्यामुळे एक शल्य आपल्याला टाळता येत नाही. मूळ भागात हा खान नूनियन सिंग उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असे म्हटले आहे. त्या कल्पित इतिहासात १९९२ ते १९९६ या काळात दक्षिण आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पृथ्वीच्या चौथाईहून अधिक भागावर त्याचा अंमल होता. मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोन्टाल्बान यांनी तो साकारला, तेव्हाही आपल्या वाट्याला फक्त नावच आले होते. निदान त्या नावाला साजेसे काही करण्याची धडपड तरी होती. २०१३ मध्ये तो निखळ इंग्रज झाला.

रसिक : आणि त्या वर्षी लंडनमध्ये बॉम्बस्फोट घडविणारा मनुष्य गव्हाळ वर्णाचा व सिंग आडनावाचा दाखविला असता, तर तुम्हीच पहिला निषेध नोंदविला असता.

चिकित्सक : नोंदविला असता, यात शंका नाही. म्हणून तर विचारतो की त्या माणसाला खान हे नाव देण्याचे प्रयोजन काय? जॉन हॅरिसन हा कुळगोत्र नसलेला, सरकारच्याच गुप्त खात्याने घडविलेला आणि सरकारवरच उलटलेला माणूस होता. तुमच्या राजकीय रूपकाला याहून नेमका प्रतिनायक कोठून मिळणार? पण मूळ मुद्द्याकडे येऊ, कारण नावाचा अपराध लहान आहे आणि तुम्ही ज्याला बोलपटाचे मर्म म्हणता तेथे झालेला अपराध मोठा. विनाखटला मारू नये, हा सिद्धान्त मांडला गेला, हे मला मान्य आहे. तो उत्तम रीतीने मांडला गेला, हेही मान्य आहे. पण पुढे त्याचे काय झाले, याचा माग काढा. खान पकडला जातो, आणि आपली कैफियत सांगतो : तीन शतके गोठवून ठेवलेल्या त्याला मार्कसने एकट्याला जागे केले, त्याच्या बहात्तर सहकाऱ्यांना ओलीस ठेवले, आणि युद्धाची आयुधे घडविण्याच्या कामाला जुंपले, त्याने सहकाऱ्यांना टॉर्पेडोंत लपविले ते त्यांना सोडविण्यासाठी. हे ऐकून कर्क घटकाभर विचारात पडतो, आणि प्रेक्षकही. कारण आता आरोपीच्या पिंजऱ्यात खान एकटा नाही, साऱ्या नौदलाचे मुखत्यार असलेले ॲडमिरल साहेबही आहेत. बोलपट येथे धैर्याने थांबला असता तर! पण तो घाबरला. खानाच्या हातून मार्कसचे मस्तक चिरडले जाते, प्रतिष्ठित आरोपी खटल्यावाचून परलोकी जातो. नंतर कर्कच्या मरणाने चवताळलेला स्पॉक, तोच न्यायासनाचा आग्रह धरणारा स्पॉक, सॅन फ्रान्सिस्कोवरून उडणाऱ्या वाहनांच्या पाठीवर खानाला गाठून बुक्क्यांनी मारू लागतो, आणि थांबतो तो कोणत्या कारणाने? कायद्याच्या नव्हे, दयेच्याही नव्हे. त्याची सहकारी उहुरा धावत येऊन सांगते की हा जिवंत हवा, याच्या रक्तावाचून कर्क वाचणार नाही. खानाचा जीव वाचला तो उपयुक्ततेने. आणि रक्त काढून घेतल्यावर त्याला कोणत्या न्यायालयापुढे नेले? पुन्हा गोठवून कोठारात ठेवून दिले. ज्या बोलपटाने पाऊण तास खटल्याचा घोष केला, त्याच्या अखेरीस मुदतीवाचूनची कैद आहे, आणि तिच्याकडे बोट दाखविणारे एकही पात्र नाही. पुढच्याच दृश्यात कर्क मात्र, शत्रूशी लढताना आपल्यातला दुष्टपणा जागा होऊ देऊ नये, अशा आशयाचे भाषण करतो.

रसिक : यावर माझ्याजवळ चटकन देण्याजोगे उत्तर नाही, हे मी मान्य करतो. पण स्पॉकच्या बुक्क्यांकडे तुम्ही फक्त सिद्धान्ताच्या बाजूने पाहिलेत. माणसाच्या बाजूनेही पाहा. १९८२ मध्ये स्पॉक काचेआड मरतो आणि कर्क बाहेर असतो. येथे कर्क आत आणि स्पॉक बाहेर, एवढी अदलाबदल पाहून लोकांनी चोरीचा बोभाटा केला. मला ही चोरी वाटत नाही, कारण अदलाबदलीची मशागत लेखकांनी आरंभापासून केली आहे. ज्वालामुखीत उभा राहून स्पॉक स्वतःचे मरण अगदी थंडपणे स्वीकारतो, आणि आपल्याला वाचविणाऱ्या मित्राविरुद्ध नियमाप्रमाणे अहवालही देतो. पाइक मरताना स्पॉक त्याच्या मनाशी आपले मन जोडतो. आणि क्रोनोसच्या वाटेवर, चिडलेल्या उहुरेपुढे, तो सांगतो की त्या मरणाऱ्या माणसाचा गोंधळ, एकाकीपणा आणि भीती त्याने स्वतः अनुभवली, तीच स्वतःचा ग्रह नष्ट झाला त्या दिवशी अनुभवली होती, आणि पुन्हा कधी ती वाट्याला येऊ नये म्हणून काहीही न वाटून घेण्याचा मार्ग त्याने पत्करला आहे. म्हणून काचेपलीकडून मरणोन्मुख कर्क त्याला विचारतो की काही न वाटून घेणे तू कसे साधतोस, आणि स्पॉकला कबूल करावे लागते की या क्षणी ते त्याला साधत नाही, तेव्हा जुन्या बोलपटाची ती नक्कल राहत नाही. १९८२ चा कर्क प्रौढ होता, मित्राच्या मरणाने तो नम्र झाला. हा स्पॉक कोवळा आहे, मित्राच्या मरणाने तो माणूस झाला, आणि माणूस झाल्याबरोबर त्याने पहिली गोष्ट काय केली, तर सूड घेऊ पाहिला. यात विसंगती दिसते ती तुम्हाला. मला त्यात एक फार कटू सत्य दिसते. आणि कर्कचे म्हणाल, तर मार्कसच्या 'व्हेन्जन्स' या यानाच्या तोफा रोखल्या गेल्यावर जो मार्कसपुढे आपल्या खलाशांच्या प्राणांची भीक मागतो, आणि ती नाकारली गेल्यावर वळून त्या खलाशांची क्षमा मागतो, त्या कर्कला त्यापूर्वी कोणी पाहिले होते? विद्यार्थिदशेत, जिच्यात हरणे अटळच होते अशी परीक्षा लबाडीने जिंकणारा तो हाच.

चिकित्सक : ते मागणे मलाही स्मरते, कर्क झालेल्या क्रिस पाइनच्या साऱ्या कामगिरीत ते मी श्रेष्ठ मानतो. पण मरणाविषयी बोलायचे तर प्रेक्षकाला शोकासाठी अवकाश द्यावा लागतो. १९८२ मध्ये मेलेला स्पॉक परत आला तो १९८४ साली. त्याची शवपेटिका नव्या ग्रहावर हिरवळीत सुखरूप पोहोचल्याचे दाखवून आशेला जागा ठेवली होती हे खरे, तरी दोन वर्षे माणसांनी ते मरण सोसले. येथे कर्क मेला आणि बोलपट संपण्याच्या आत उठून बसला. त्यातही मौज अशी की खानाचे रक्त मिळेपर्यंत कर्कचा देह टिकावा म्हणून डॉक्टर मॅकॉय त्या गोठविलेल्या बहात्तरांपैकी एकाला नळीतून बाहेर काढून तेथे कर्कला ठेवतो, आणि बाहेर काढलेल्या त्या माणसाच्या धमन्यांतही तसल्याच जातीचे रक्त असेल, हे त्या विद्वान वैद्याच्या मनात येत नाही! मृतांना उठविणारे औषध, आणि पृथ्वीवरून एका क्षणात क्रोनोसवर पोहोचविणारे हाती धरण्याजोगे यंत्र, असे दोन शोध या बोलपटाने लावले; त्यांतील कोणताही एक खरा मानला तर अवकाशयानांची आणि संकटांची गरजच संपते, म्हणून पुढे सर्वांनी ते सोयीस्कररीत्या विसरायचे. तुम्ही म्हणाल, हे हिशेबनिसाचे आक्षेप आहेत. असतील. पण मरण इतके स्वस्त झाल्यावर तुमच्या स्पॉकचे माणूस होणेही तितकेच स्वस्त होते, कारण ज्या दुःखाने तो फुटला ते दुःखच रद्दबातल ठरले. आणि ती मैत्री तरी कधीची? जुन्या कर्क-स्पॉकांच्या मागे सोळा वर्षांचा सहवास होता. हे दोघे निम्मा वेळ भांडत असतात, आणि त्यांची मैत्री थोर होणार हे त्यांना थोरल्या स्पॉकने २००९ मध्येच सांगून ठेवलेले. मैत्री फर्मानाने होत नाही.

रसिक : आणि तरीही जगात कित्येक नाती तशीच होतात. घरात थोरल्यांनी सांगितलेले असते, अमक्याच्या मुलाशी तुझे जमेल. आपण नाक मुरडतो, आणि पुढे जमते. या नव्या मंडळींची खरी अडचण मला तीच दिसते, आणि ती बोलपटाबाहेरचीही आहे : त्यांना आयुष्य मिळाले ते कोरे म्हणून, पण त्यांच्याकडे पाहणारा प्रत्येक डोळा आधीच दुसऱ्या कोणाच्या आठवणीने भरलेला. काही नवे केले तर हे आमचे नव्हे म्हणतात, जुने केले तर हे आमचे चोरले म्हणतात. निबिरूच्या त्या पांढऱ्या मातीने माखलेल्या लोकांचे दृश्य तुम्हाला आठवते? आकाशात चढणारे यान पाहून ते आपली पवित्र पोथी टाकून देतात आणि जमिनीवर त्या यानाची आकृती रेखाटू लागतात. मला वाटते, त्या क्षणी लेखक निष्ठावंतांकडेच पाहून हसले असावेत.

चिकित्सक : हसले असतील, पण पोथी त्यांनी स्वतःच टाकून दिली आणि आकृती मात्र तीच जुनी काढली, हे त्यांच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या खेपेस, २०१६ साली, जस्टिन लिन यांच्या हाती सूत्रे गेली, तेव्हा त्यांनी खान, मार्कस, जादूचे रक्त यांपैकी कशाचेही नाव काढले नाही. दूरदर्शनवरच्या जुन्या भागासारखी साधी, सरळ कथा सांगितली, आणि जाणकारांनी ती गोड मानून घेतली. आवक मात्र आदल्या बोलपटाहून कमी झाली, आणि त्या नटसंचाचा चौथा बोलपट आजवर पडद्यावर आला नाही. यावरून कोणता निष्कर्ष काढावा, हे मला स्वतःला ठरविता येत नाही. ज्याला निष्ठावंतांनी तळाला बसविले तो या तिघांत सर्वाधिक कमावणारा ठरला. त्याने खानाच्या नावावर कमावले असेही म्हणता येत नाही, कारण नाव तर झाकलेलेच होते.

रसिक : मग मला एवढेच सांगा. तो जॉन हॅरिसनच राहिला असता, त्याची कैफियत अखेरपर्यंत ऐकली गेली असती, आणि कर्क मेला तो मेलाच असता, तर तुम्ही या बोलपटाचे बाकीचे सर्व गुन्हे माफ केले असते काय?

चिकित्सक : बहुतेक सर्व. पण तो बोलपट कोणत्याही कंपनीने काढू दिला नसता, हेही मी जाणतो, आणि म्हणून माझा आक्षेप नक्की कोणावर आहे, लेखकांवर की त्यांच्या धन्यांवर, की पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर त्यांचे भवितव्य टांगणाऱ्या आपल्यासारख्या तिकीट काढणाऱ्यांवर, याविषयी मी पूर्वीइतका निःशंक नाही.

रसिक : तर मग माझी सूचना ऐका. त्या शाखेत खान अजून जिवंत आहे, आपल्या बहात्तरांसह गोठलेला. ज्या कोणाच्या हाती ही मालिका पुन्हा जाईल, त्याने त्याला युद्धासाठी जागे न करता, राहून गेलेल्या खटल्यासाठी जागे करावे.

चिकित्सक : कल्पना मोहक आहे, पण तो खटला चालवायचा कसा? सरकारपक्षाचा मुख्य दोषी मार्कस मेलेला. खानाच्या स्वभावाविषयी साक्ष देणारा थोरला स्पॉकही तिसऱ्या बोलपटात निवर्तला, आणि त्याची साक्ष तरी दुसऱ्या शाखेतल्या, या खानाने न केलेल्या गुन्ह्यांविषयीची. लंडनचा स्फोट आणि पाइकचा खून हे मात्र त्याचेच, ते सिद्ध होतील. पण फिर्यादी म्हणून उभा राहणार कोण? पाइकच्या वतीने कर्क? ज्याच्या नाड्यांत आरोपीचेच रक्त वाहत आहे, आणि ते त्याच्या संमतीवाचून काढून घेतलेले, त्याची फिर्याद कोणता न्यायाधीश दाखल करून घेईल?

रसिक : नेमक्या त्याच प्रश्नावर मी तो बोलपट सुरू करीन.